अणुकरार, इन्व्हर्टर आणि आमचे चाचा

मंडळी, आज संध्याकाळी लोडशेडिंग सुरू झालं आणि आमच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीने मान टाकली. टीव्हीवर अमेरिकेबरोबरच्या अणुकरारावरची चर्चा ऐन रंगात आली होती. उकडायला लागलं म्हणून बाहेर ओट्यावर आलो.

शेजारचे अन्सारीचाचा तिथे एकटेच बसले होते. आम्ही इन्व्हर्टर घेण्याआधी, वीज गेली की ते आपले कापड विणायचे लूम बंद करून इथे यायचे आणि मीही यायचो. इराकच्या लढाईवरून आम्ही इतके भांडायचो की गल्ली गोळा व्हायची. हल्ली जाता-येता सलाम होतो, तेवढंच.

मी बसता बसता म्हणालो, "चाचा, हा करार झालाच पाहिजे. तुमचे लूम दिवसभर चालतील."

"अमेरिका फुकट देगा क्या, पाटील?" चाचा ताठ बसले. "उद्या प्रत्येक गोष्टीला तिच्या दारात उभं राहायचं!"

मग काय, वीज येईपर्यंत आम्ही कडाकडा भांडलो. मी उठलो, तर त्यांनी हात धरला.

"एक बात पूछूं? तेव्हा बगदादवरून मी जास्तच बोललो. म्हणून तुम्ही यायचं बंद केलं ना?"

"नाही हो चाचा. फक्त इन्व्हर्टर घेतला."

ते खूप हसले, मग डोळे पुसले. मी पुन्हा खाली बसलो.

कराराला माझा पाठिंबा अजूनही आहे. पण वीज चोवीस तास राहिली तर आम्ही भेटणार कधी? तुमच्या गल्लीत कसं आहे, सांगा.