४३९१ ने भाग जात नाही

मास्तरांचा हात कात्रीला जसा पक्का, तसाच भागाकाराला. कापड बेतताना चुकले तर गिऱ्हाइकाची माफी मागून मोकळे होतील, पण बाकी चुकली तर दिवसभर स्वतःवरच धुसफुसतील, असा हा शिंपी.

बायको होती तोवर लेकीशी फोनवर तीच बोलायची. ती गेली आणि बापलेकीत बोलायला विषयच उरेना. "जेवलात?" "जेवलो." "बरं." की ठेवला फोन. लेक दूरच्या शहरात गणित शिकवायची. एका रविवारी तिनेच विचारलं, "बाबा, तुमच्या मशीनच्या पट्टीवर नंबर काय आहे हो?"

२७२३७३७३.

"बघा बरं, याला कुणी भाग लावतं का. की ही मूळ संख्या आहे, एक आणि स्वतःखेरीज कुणालाच दाद न देणारी? ५२१८ पर्यंतच्या मूळ संख्या लावून बघा. तोवर कुणी लागली नाही, तर पुढे शोधायचीच गरज नाही."

झालं! मास्तर हात धुऊन त्या आकड्याच्या मागे लागले. दोन, तीन, पाच चुटकीसरशी बाद. मग सात, अकरा, तेरा... चिंधीवर खडूने भागाकार मांडायचा आणि झटकून टाकायचा. दर रविवारी फोन. "कुठवर आलात?" "सतराशेच्या पुढे. भलताच चिवट आहे गं तुझा आकडा!" ती खळखळून हसायची. मग वर्गातल्या गमती, मग नवऱ्याच्या तक्रारी. तासतासभर गप्पा चालायच्या.

आणि एके दिवशी ४३९१ ने भाग गेला. ६२०३ वेळा, बाकी शून्य. मास्तरांनी पुन्हा पुन्हा करून पाहिला. आनंद व्हायचा, तर त्यांनी तो भागाकार घाईघाईने झटकून टाकला. आकडा फुटला, आता पोर फोन कशाला करेल?

रविवारी ते म्हणाले, "४३९१ नेही नाही गेला. आता ४३९७ बघतो."

पलीकडून ती म्हणाली, "बघा बाबा. सावकाश बघा." तिचा आवाज बसका वाटला. सर्दी झाली असेल, असं त्यांनी धरलं.

पुढचे सगळे भागाकार तोंडदेखले. शेवटची मूळ संख्या, ५२०९, जवळ आली तशी मास्तरांना अन्न गोड लागेना. पण त्याआधीच जावयाचा फोन आला. रस्त्यात गाडीने उडवलं, पोर जागीच गेली.

सगळं उरकल्यावर जावई त्यांच्यापाशी येऊन बसला. "बाबा, तो आकडा तिने पहिल्याच दिवशी कॉम्प्युटरवर फोडला होता. तुम्ही '४३९१ नेही नाही गेला' म्हणालात ना, त्या दिवशी फोन ठेवून ढसाढसा रडली. म्हणाली, माझे बाबा भागाकारात चुकत नाहीत. त्यांना मी हवी आहे."

"मग बोलली का नाही ती?" मास्तर ओरडलेच.

"तुम्हाला ओशाळं वाटेल म्हणून."

"अरे, वाटलं असतं ओशाळं! काय बिघडणार होतं माझं? फोन करत जा गं, तुझ्याशिवाय करमत नाही, एवढंच तर म्हणायचं होतं. तेवढंसुद्धा जमलं नाही रे मला."