बांधावरची देवी
साक्रीकडची माझी आत्या भिकुबाई कुणाजवळ मन मोकळं करणारी नव्हतीच. नवऱ्याचा मार, पोटातच गेलेलं लेकरू, दिराची नजर, सगळं, तिच्या अहिराणीत 'बठ्ठं', ती शेताच्या बांधावरच्या देवीला सांगायची. देवी म्हणजे शेंदराची पुटं चढलेला दगड, नाकडोळेसुद्धा दिसत नसत.

मागच्या साली संग्रहालयाची माणसं आली. मूर्ती फार जुनी आहे, आहे तशीच जपू, म्हणाली. लेक सासरी धाडावी तशी आत्याने देवीची ओटी भरली आणि गाडी दिसेनाशी होईस्तोवर रडली.

दिवाळीनंतर मी तिला एसटीने देवीच्या भेटीला नेलं. काचेमागे मूर्ती होती, पण शेंदूर पार खरवडलेला. खालून निघाल्या होत्या भरघोस मिशा आणि हातातला सोटा.

"अक्का, ही देवी नव्हेच," तिथले साहेब हौसेने म्हणाले. "देवळाच्या दारावरचा द्वारपाल आहे हा!"

साहेबाच्या कानाखाली काढावी असं मला वाटलं. आत्याचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. ती त्या मिशांकडे बघत होती.

"मुडद्या, बठ्ठं ऐकी लिधं ना तू!" ती म्हणाली, आणि परक्या पुरुषासमोर ओढतात तसा तिने पदर तोंडावर ओढला.