जयराम वायरमनचा सूर्य

टोकावड्याचा जयराम वायरमन मेहनती माणूस. फक्त ही मेहनत तो कारणं शोधण्यात घालवायचा. "फांदी पडली", "वरूनच गेलीय" ही त्याची कारणं गावाला इतकी पाठ झाली होती, की लाइट गेली की लोकच फोन करून त्याला कारण सांगत. यापेक्षा मोठी बेअब्रू कोणती?

मुरबाडच्या कॉलेजात शिकणारी त्याची लेक दिशा एकदा जेवताना म्हणाली, सूर्यावर मोठा भडका उडालाय. जयरामचा घास हातातच राहिला. दुसऱ्या दिवशी लाइट गेली तेव्हा त्याने गावाला सुनावलं, "सूर्यावर भडका उडालाय. आता काय सूर्याला शिडी लावू?"

सूर्याची तक्रार कुठल्या ऑफिसात द्यायची, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

दिशा वैतागली. "बाबा, भडक्याचा उजेड आठ मिनिटांत येतो. कधी कधी त्याच्यासोबत विजेने भारलेल्या वायूचा ढगही सुटतो, त्याला यायला दोन-तीन दिवस लागतात. पण भडका उडाला म्हणजे ढग सुटलाच असं नाय. कधी भडक्याविनाही सुटतो. आणि सुटला तरी आपल्याकडंच येईल कशावरून?"

शहाण्याने यातून शास्त्र घेतलं असतं. जयरामने सवलत घेतली. तासभर लाइट गेली तर भडका, दोन दिवस गेली तर ढग. लवकर आली तर "ढग बाजूनं गेला, वाचलो," आणि लोक वर त्याचेच आभार मानत.

एके दिवशी म्हातारी रखमी आली. "जयरामा, माज्या बांधावर चालू तार खाली लोंबलीय रे. पोरं तिथनंच शाळेत जातात."

जयराम ओट्यावर पडल्या पडल्या म्हणाला, "ढग येतोय आजी. तीन दिस थांब."

तिसऱ्या दुपारी दिशा रडवेली होऊन घरी आली. "रखमीआजी बांधावर काठी घेऊन बसलीय. मला तिकडनं जाऊच देईना."

जयराम धावला. रखमीचे ओठ उन्हाने फुटले होते.

"आजी, हितं कशाला बसलीस गो?"

"तूच बोललास ना, थांब म्हणून. मी थांबले. पण पोरं थांबत नाय ना रे."

जयरामला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने तिथूनच सबस्टेशनला फोन करून लाइन बंद करायला लावली आणि खांबावर चढू लागला.

खालून रखमी ओरडली, "उतर रे बाबा! ढग जाऊ दे आधी. मी बसते की!"