निंबा मिस्तरीचा सागवानी खांदा

चोपड्यात निंबा पुना सुतार म्हटलं तर दोन-चार माणसं विचारात पडत. निंबा मिस्तरी म्हटलं की शाळकरी पोरही घर दाखवी. बैलगाडीचं चाक करावं तर निंबा मिस्तरीनंच, असं सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीकाठापर्यंत लोक म्हणत. पुढे रबरी टायरच्या गाड्या आल्या, चाकांचं काम आटलं, तसे ते दारं-चौकटींकडे वळले. पण हात तोच होता. ओंडक्यावर बोटानं टकटक करून आत कुठे पोकळ आहे ते सांगत, आणि सहसा चुकत नसत. आपण चुकत नाही हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्याचा संकोचही नव्हता.

१९९१ च्या दिवाळीनंतर त्यांचा उजवा खांदा आखडला. पडझड नाही, मार नाही. आधी दुखायला लागला आणि मग हळूहळू जणू कुणी आतून खिळे ठोकावेत तसा घट्ट होत गेला. सदरा घालताना बायको, ताईबाई, बाही धरायची. रंधा कसाबसा मारता येई, पण चौकटीचा वरचा सांधा ठोकायचा म्हटलं की हात छातीच्या वर जाईना. तेल झालं, शेक झाला, पाल्याचे लेप झाले. शेवटी जळगावचे व्याही जीवराम यांनी आग्रह धरला आणि दोघा नवरा-बायकोला एस.टी.त बसवून स्टेशनजवळच्या सुनंदा नेहेते यांच्या दवाखान्यात नेलं. नेहेते बाई औषधं देत नसत. आखडलेले सांधे व्यायामानं मोकळे करायचं शिक्षण त्या घेऊन आल्या होत्या.

बाईंनी हात सगळीकडून फिरवून पाहिला. सांध्याभोवतीची पिशवी आक्रसली आहे, ती हळूहळू ताणली तर वर्षाच्या आत हात मोकळा होईल, असं सांगितलं. भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा, वाकून हाताला झोका द्यायचा, काठी धरून हात बाहेर वळवायचा, असे तीन व्यायाम दिले.

निंबा मिस्तरींनी महिनाभर ते केले आणि फरक काहीच पडला नाही. पुढच्या खेपेला बाईंनी विचारलं, तर त्यांनी सरळ सांगितलं, "बाई, आतमधी काय शे ते दिसल्याशिवाय मना हात चालत नाही. सांधा दाखवा."

बाईंनी कपाटातून शिकतानाची हाडांची पेटी काढली आणि दोन हाडं त्यांच्या हातात दिली. एक दंडाचं, वरच्या टोकाला गोळा असलेलं. दुसरं पाठीवरचं, तिकोनी, पापडासारखं पातळ. त्याच्या कोपऱ्यात गोळा बसायची खोबण. मिस्तरींनी गोळा खोबणीत ठेवला. तो घसरला. पुन्हा ठेवला, पुन्हा घसरला. खोबण म्हणजे नुसती बशी होती, आणि त्या बशीत लिंबू उभं राहावं अशी अपेक्षा होती.

हे काम माझ्या हाताखालच्या कुणी केलं असतं तर त्याला मी त्याच दिवशी घरी पाठवलं असतं, असं ते म्हणाले. बाई हसल्या. मांडीचा सांधा खोल उखळीत बसतो, म्हणून तो निखळत नाही, पण फिरतोही बेताचाच, असं त्यांनी समजावलं. हाताला मात्र पाठ खाजवायची असते, डोक्यावर घडा धरायचा असतो, गोफण फिरवायची असते. म्हणून इथे बशी उथळ ठेवली आहे. काठाला कुरकुरीत हाडाची कड लावून ती जराशी खोल केली आहे, आणि चार छोटे स्नायू चहूकडून गोळा बशीवर दाबून धरतात.

मिस्तरी बराच वेळ गोळा फिरवत बसले. मग आपलं बोलणं मागे घेऊन म्हणाले, "कारागीर मोठा शे."

बाईंची एक अडचण होती. दुखऱ्या खांद्याची माणसं रोज येत. त्यांना पुस्तकातलं चित्र समजत नसे आणि सुटी हाडं पाहून ती घाबरत. मिस्तरींनी तिथल्या तिथे सांगून टाकलं की लाकडाचा चालता खांदा मी करून देतो, हाडं महिनाभर माझ्याकडे राहू द्या. बाईंनी क्षणभर विचार केला आणि पेटी ताईबाईंच्या पिशवीत ठेवली.

गोळा त्यांनी जुन्या सागाच्या खांबातून काढला. पाठीचं हाड कोरताना दोनदा तुटलं, तिसऱ्यांदा जमलं; ते त्यांनी एका लाकडी पाटीवर खिळ्यांनी पक्कं केलं. बशीच्या काठाला बैलाच्या जुन्या पट्ट्याचं चामडं बसवलं आणि चार स्नायूंसाठी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून लावल्या. पट्ट्या लागताच गोळा बशीवर असा बसला की पाटी उलटी केली तरी पडेना. मिस्तरींनी गल्लीतल्या चार जणांना बोलावून दाखवलं.

पण हात वर नेला की तो अर्ध्यातच अडे. दंडाच्या गोळ्याला बाहेरच्या बाजूनं एक उंचवटा होता आणि खांद्याच्या वर छपरासारखं हाड. उंचवटा छपराला टेकला की संपलं. कानस घेऊन उंचवटा घासून टाकावा असं मनात आलं, पण खऱ्या हाडावर तो होता, म्हणजे तो हवा होता. मग त्यांनी आपला धड डावा हात तळवा खाली ठेवून बाजूनं उचलला. खांद्याच्या उंचीला जरा अडल्यासारखं झालं. तळवा वर केला तसा हात आणखी वर सरकला. लाकडी दंड तसाच बाहेर वळवून पाहिला. उंचवटा छपराच्या मागे निसटला आणि दंड आणखी थोडा चढला. पण डोक्यापर्यंत जायचं नाव नाही.

आठ दिवस ते त्याच्यामागे होते. एका दुपारी ताईबाई स्वयंपाकघरात डाळीचा डबा वरच्या फळीवर ठेवत होत्या. मिस्तरी उठले आणि त्यांनी बायकोच्या पाठीवर तळहात ठेवला. तीस वर्षांच्या संसारात भरदुपारी असं कधी घडलं नव्हतं. ताईबाई दचकल्या. "काय करी ऱ्हायनात?"

"डबा खाले ठेव. आखो एकदाव हात वर कर."

त्यांनी हात वर केला. तळहाताखाली पाठीचं तिकोनी हाड सरकलं, वळलं आणि काखेकडे निघून गेलं. मिस्तरींनी पाच वेळा हात वर करायला लावला. "ताईबाई, हाई पाठनं हाडबी चालस. आनि मी ते पाटीले खिळा ठोकीसन बसाडेल शे," असं ते म्हणाले आणि तिथेच खाली बसले. चूक त्यांचीच होती, पण सापडलेल्या चुकीचा आनंद त्यांच्या तोंडावर मावत नव्हता.

त्यांनी खिळे उपटले, पाटीवर वाकडी खाच पाडली आणि हाड तिच्यातून सरकेल असं बसवलं. आता दंड थेट वर गेला. मोजलं तेव्हा कळलं, हात जितका चढतो त्यातले साधारण दोन वाटे गोळ्याचे आणि एक वाटा पाठीच्या हाडाचा.

आणि मग त्यांच्या लक्षात दुसरी गोष्ट आली. शर्ट काढून ते आरशाकडे पाठ करून उभे राहिले आणि दुखरा हात भिंतीवर चालवायला लागले. ताईबाईंना पाठीकडे पाहायला सांगितलं. त्यांनी पाहून सांगितलं की अख्खा खांदाच कानाकडे चढतो आहे, हाड आणि दंड एकाच वेळी. म्हणजे महिनाभर व्यायाम झाला होता तो नुसत्या पाठीच्या हाडाचा. आखडलेला गोळा जागचा हललाच नव्हता.

त्या दिवसापासून ताईबाई रोज सकाळी त्यांच्या मागे उभ्या राहून खांदा वरून तळहातानं दाबून धरू लागल्या. ते हळूहळू दंड बाहेर वळवत आणि उचलत. पहिले पंधरा दिवस डोळ्यांत पाणी यायचं. ताईबाई हात ढिला करू का म्हणून विचारत. ते मानेनं नको म्हणत.

लाकडी खांदा घेऊन जळगावला गेले तेव्हा नेहेते बाईंनी दंड वर नेला, खाली आणला, पुन्हा वर नेला. दोनास एक हे प्रमाण आपण पुस्तकात वाचलं होतं, पण पेशंटला कधी दाखवता आलं नव्हतं, असं त्या म्हणाल्या. मिस्तरींनी एक खुंटीही करून आणली होती. ती लावली की पाठीचं हाड जागच्या जागी अडकायचं आणि गोळा आपल्या जोरावर किती चढतो ते उघड दिसायचं. बाईंनी तिथेच एक कबुलीही दिली. खांदा चढवून व्यायामात चोरी होते हे त्यांना माहीत होतं, पहिल्याच दिवशी बघायला हवं होतं, गर्दीत राहून गेलं.

गणपतीच्या सुमाराला मिस्तरींनी सदरा एकट्यानं घातला. दत्तजयंतीला गावातल्या एका घराची चौकट उभी केली. हात पूर्ण वर जायला थोडं कमी होतं, ते पुढच्या उन्हाळ्यात भरून निघालं.

महिन्यातून एकदा बाई त्यांना दवाखान्यात बोलावत. मुक्ताईनगरकडच्या भिकुबाई नावाच्या म्हाताऱ्या होत्या, कुणाला हाताला हात लावू द्यायच्या नाहीत. मिस्तरी त्यांच्या शेजारी बाकावर बसले, मांडीवर लाकडी खांदा घेतला आणि गाडीचं चाक समजावावं तसा सांधा समजावला. मग त्यांचा तळहात आपल्या पाठीवर ठेवून आपला हात वर केला. भिकुबाईंनी हाड सरकताना चाचपून पाहिलं, आणि मग आपला पदर बाजूला करून नेहेते बाईंना म्हणाल्या, "करा, मनं बी करा."

तसे आणखी चार खांदे त्यांनी पुढच्या काळात बनवले. एक धुळ्याला गेला, तिथे शरीराची रचना शिकवणाऱ्या एका सरांकडे. ते सर १९९४ च्या हिवाळ्यात स्वतः चोपड्याला आले आणि आता गुडघा करून द्याल का, असं त्यांनी विचारलं. मिस्तरींनी हो म्हणायला वेळ लावला नाही. फक्त दोन गोष्टी मागितल्या: गुडघ्याची हाडं महिनाभर घरी ठेवायला, आणि जिना चढून-उतरून दाखवायला न कंटाळणारा एक माणूस.