लिमात घर असताना हॉटेल

“घरचं माणूस लिमात असताना हॉटेलात उतरायचं? कुणाला सांगायची सोय राहिली नाही,” सासूबाई म्हणाल्या. सकाळपासून ही तिसरी वेळ. पहिल्यांदा त्या चुलीपाशी म्हणाल्या, नंतर अंगणात कोंबड्यांना दाणे टाकताना, आणि आता सगळे जेवायला बसल्यावर, म्हणजे कुणाला उठून जाता येऊ नये.

“मग सांगू नकोस कुणाला,” सेनोबिया म्हणाली.

“चार दिवसांचं भाडं आधीच भरून बसलीस. तेवढ्यात एक मेंढी आली असती.”

“मेंढीला घेऊन जाऊ का मधुचंद्राला?”

रोमुलोला हसू आलं. पण आईनं त्याच्याकडे पाहिलं तसा त्यानं सूपच्या वाटीत चमचा घातला तो घातलाच. रोमुलो माझा नवरा, सेनोबियाचा धाकटा भाऊ. शाळेत पन्नास पोरांना गप्प बसवतो, घरात स्वतः गप्प बसतो.

“ओतिलिया काय परकी आहे?” सासूबाईंनी भाकरीचा तुकडा तसाच खाली ठेवला. “माद्रिना आहे तुझी. बाप्तिस्म्याला तुला हातांवर घेऊन उभी होती. धर्माची आई. तिच्या दारावरून पुढे हॉटेलात जाशील?”

“दारावरून नाही जाणार. हॉटेल समुद्राकडे आहे. तिचं घर वाटेत लागत नाही.”

“सात वर्षं सांभाळलं तिनं तुला.”

सेनोबियानं आपली वाटी उचलली, धुतली, पालथी घातली आणि कामावर गेली.

ती गेल्यावर सासूबाई मला म्हणाल्या, “नेलिदा, तू तरी समजाव.” मी हो म्हटलं आणि समजावलं नाही.

सेनोबिया तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होती आणि त्या शनिवारी तिचं लग्न होतं. आमच्या पुकिओ गावात त्या वयाच्या बाईचं पहिलं लग्न म्हणजे लोकांना दोन महिने पुरेल एवढं बोलणं. ती बसच्या कचेरीत पार्सलच्या खिडकीवर बसायची, वीस वर्षं. लिमाला जाणारी प्रत्येक पेटी तिच्या काट्यावरून जायची: चीज, भाजलेला मका, सुकवलेलं मांस, वाळवलेले बटाटे. कुणाचा मुलगा लिमात कुठल्या वस्तीत राहतो, कुणाच्या बहिणीनं घर बदललं, हे तिला पत्त्यांवरून पाठ होतं. शेजारच्या खिडकीवरची बाई सुट्टीवर असली की तिकिटंही तीच द्यायची. लिमाची किती तिकिटं तिनं फाडून दिली असतील देव जाणे. स्वतःसाठी एकही काढलं नव्हतं.

तिथं ती अकराव्या वर्षी गेली होती. ती वर्षं वाईट होती. डोंगरातून बंदूकवाले बंडखोर यायचे आणि मोठी होत आलेली पोरं घेऊन जायचे. मागून सैनिक यायचे आणि उरलेल्यांना विचारायचे, पोरं कुठे गेली. ओतिलियाबाई मूळची इथलीच, लग्न होऊन लिमात गेलेली, तिथल्या ब्रेन्या वस्तीत दुमजली घर. ती म्हणाली, माझी लेक आहे ती, पाठवा माझ्याकडे, शिकवते. सासूबाईंनी पाठवली. दर नाताळला तिथून साखर, तांदूळ आणि रोमुलोच्या वह्या यायच्या.

पुढचं मला सेनोबियानं कधी सलग सांगितलं नाही. चादरी पिळताना एक वाक्य, मका सोलताना दुसरं. खोली गच्चीवर होती, पत्र्याची, धुण्याच्या हौदाला लागून. अर्ध्या खोलीत कुत्रा बांधलेला असायचा. रात्रशाळेत नाव घातलं होतं, पण तिच्यामुळे जेवणाला उशीर होतो म्हणून तिसऱ्या महिन्यात काढलं. पाहुणे आले की ती ‘आमची लेक’ असायची, पाहुणे गेले की ‘ए मुली’. सात वर्षांत तिनं समुद्र पाहिला नव्हता. ब्रेन्यातून समुद्र बसनं अर्ध्या तासावर. ओतिलियाबाईच्या मुली उन्हाळ्यात दर रविवारी जायच्या आणि ही त्यांचे वाळूनं भरलेले टॉवेल झटकायची.

अठराव्या वर्षी बाप वारला तेव्हा ती मातीला आली, आणि परत गेली नाही. का नाही ते तिनं सांगितलं नाही आणि घरात कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर ऐकावं लागलं असतं.

विल्बर पालिकेच्या पाणीखात्यात. घरोघरी जाऊन मीटर बघायचं त्याचं काम. बायको वारून सहा वर्षं झालेली. बसच्या कचेरीतला मीटर बघायला त्याला आधी पाच मिनिटं लागायची, मग अर्धा तास लागायला लागला, मग मीटर नसलेल्या आठवड्यातही यायला लागला. माणूस चांगला. त्याच्यात एकच खोड, त्याला नाही म्हणता येत नाही. मीटर बघायला गेलेल्या प्रत्येक घरात कुणी ना कुणी पुढे ताटली करतं, आणि हा प्रत्येक घरी खातो. सेनोबिया थट्टेनं म्हणायची, “याला विष दिलं तरी म्हणेल, थोडंच वाढा.”

लग्नाचं ठरल्यावर तिनं त्याच्याकडे एकच गोष्ट मागितली. अंगठीबद्दल बोलली नाही, की जेवणावळीला किती माणसं याबद्दल बोलली नाही. म्हणाली, लिमाला जायचं, चार दिवस, आणि हॉटेलात राहायचं. एका प्रवासी मास्तरीणबाईकडून तिनं नाव मिळवलं होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीच्या खिडकीतून दोन इमारतींच्या मधोमध समुद्र दिसतो म्हणे. तिनं फोन केला तेव्हा मी जवळ होते. पलीकडच्यानं विचारलं, किती जण. ती म्हणाली, “दोघं. नवरा-बायको.” फोन ठेवल्यावर मला म्हणाली, “सकाळचा नाश्ता खोलीत आणून देतात, नेलिदा. आपण अंथरुणात बसून राहायचं आणि दुसऱ्या कुणीतरी आणायचा.”

“चादर खराब होईल,” मी म्हटलं.

“होऊ दे. धुणार दुसरंच कुणीतरी.”

पण लिमाला जाणारा माणूस इथून एकटा जात नाही. बातमी फुटली आणि लोक यायला लागले. “तू जातेच आहेस तर.” पार्सलचे पैसे वाचतात हा भाग आहेच, पण खरं म्हणजे इथल्या माणसाच्या हातून गेलेलं चीज लिमातल्या माणसाला वेगळं लागतं. मंगळवारपर्यंत ओसरीत अठरा पिशव्या जमल्या. प्रत्येकीवर नाव आणि फोन नंबर जाड पेनानं लिहिलेला. माझ्या बहिणीसाठी मी बांधलेली पिशवीही त्यात होती, ते खोटं कशाला सांगू. आणि एवढं सामान घेऊन हॉटेलात कसं शिरायचं? लोक तर ओतिलियाबाईच्याच घरी येऊन आपापलं घेऊन जाणार. सासूबाईंनी सगळ्यांना तोच पत्ता दिला होता.

बुधवारी दुपारी ओतिलियाबाईचा फोन आला. सासूबाईंना कमी ऐकू येतं म्हणून रोमुलोनं आवाज मोठा करून फोन टेबलावर ठेवला. सेनोबिया समोरच होती.

“पोरी, तू येतेस ऐकून जीव भांड्यात पडला,” ओतिलियाबाई म्हणाल्या. आवाज म्हातारा झाला होता, पण हुकमी. “कंबरेचं हाड मोडल्यापासून मी एका जागी. मुली मिलानहून रोज फोन करतात. फोननं पाठ धुतली जाते का? वरची खोली झाडून घेतलीय. पत्रा नवा टाकलाय. नवरा आहे म्हणून गादीही दुसरी चढवलीय.”

“कुत्रा आहे का अजून?” सेनोबियानं विचारलं.

“तो कधीच मेला. आता सगळी खोली तुझीच.”

“माद्रिना, आम्ही चार दिवसांसाठी येतोय. हॉटेलात उतरणार आहोत.”

ओतिलियाबाई हसल्या. “एउफेमिया म्हणाली होती, पोरगी आधी आढेवेढे घेईल. ये तू. किती दिवस ते मग बघू.”

एउफेमिया म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांनी फोन उचलून कानाला लावला आणि बोलत बोलत आतल्या खोलीत गेल्या. सेनोबिया रोमुलोकडे बघत राहिली. रोमुलो म्हणाला, “मला काही माहीत नाही, ताई.” त्याला माहीत होतं. मलाही थोडं माहीत होतं. रविवारी सासूबाई आणि रोमुलो कुजबुजत होते तेव्हा मी कांदा चिरत होते, आणि चिरतच राहिले.

गुरुवारी सेनोबिया भर दुपारी घरी आली. मागून विल्बर, टोपी हातात घेऊन. तिनं त्याला पाण्याच्या टाकीवरून तसाच उचलून आणला होता, त्याचे बूट चिखलानं भरले होते.

“सांग यांना,” ती म्हणाली.

विल्बर बुटांचा चिखल उंबऱ्याला पुसायला लागला. तेव्हा तीच बोलली. कचेरीत ती पुढच्या आठवड्याची प्रवाशांची यादी बघत होती. गुरुवारच्या परतीच्या गाडीत अकरा आणि बारा नंबरवर त्या दोघांची नावं हवी होती. तिथं नास्का गावचा कुणी माणूस आणि त्याची मुलगी. शेजारच्या खिडकीवरची मारिसोल म्हणाली, विल्बर परवा येऊन गेला, तू जेवायला गेली होतीस तेव्हा. परतीची तारीख मोकळी करून घेतली त्यानं, म्हणजे हवं तेव्हा परतता येईल अशी. मला वाटलं तुझ्याच सांगण्यावरून.

“माझ्याच कचेरीत,” सेनोबिया म्हणाली. “दुसऱ्या कंपनीकडे तरी जायचंस.”

“आईंनी सांगितलं,” विल्बर म्हणाला. “दोन महिने. फार तर तीन. म्हातारी एकटी आहे. मलाही तिथं काहीतरी काम बघता येईल म्हणाल्या. मी म्हटलं बरं, आणि म्हातारीलाही फोनवर तसं सांगितलं.”

“मला विचारायचं होतंस.”

“तू नाही म्हणाली असतीस.”

“हो,” ती म्हणाली. “म्हणून विचारायचं असतं.”

सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी ॲप्रनला हात पुसले. “त्याला बोलू नकोस. मी सांगितलं. त्या बाईनं तुला वाढवलं, आता तिला गरज आहे. ती घरातला वरचा मजला तुझ्या नावावर करीन म्हणतेय. आणखी काय हवं?”

“आई, त्या घरात मी सात वर्षं होते. त्या टेबलापाशी एकदाही बसले नाही. उभ्यानं जेवायचे, स्वयंपाकघरात, सगळ्यांचं झाल्यावर.”

हे ती कधीच एवढ्या सरळ बोलली नव्हती. विल्बरनं टोपीची घडी केली, पुन्हा उलगडली. मला वाटलं सासूबाई म्हणतील, असं नसेल. त्या तसं म्हणाल्या नाहीत.

“माहीत आहे मला,” त्या म्हणाल्या. “पहिल्या वर्षीच कळलं होतं. पण इथं तुझ्या वर्गातल्या सहा मुली होत्या. मोज त्यातल्या किती आहेत. मी जाणूनबुजून ठेवली तुला तिथं. जिवंत राहिलीस ना?”

“राहिले.”

“मग?”

चुलीवर मक्याला उकळी आली म्हणून मी उठले. मागे वळले तेव्हा सेनोबिया बाहेर पडली होती, तिची जेवणाची सुट्टी संपली होती. विल्बर मात्र तिथंच होता. सासूबाईंनी त्याच्यासमोर ताटली ठेवली आणि तो बसून जेवला. मला त्याचा राग आला, आणि त्याची दयाही आली. सेनोबिया या माणसाबरोबर आयुष्य काढणार होती, कारण वीस वर्षांत तिच्या खिडकीशी पत्ता न विचारता थांबलेला तो एकटाच होता.

जाताना तो मला म्हणाला, “वहिनी, मी म्हातारीला परत फोन करून नाही म्हणू का?”

“म्हणा की.”

त्यानं फोन काढला, नंबर बघितला, खिशात ठेवला. “कंबर मोडलेल्या माणसाला कसं म्हणायचं?”

शुक्रवारी दुपारी सगळे घरात होते. लग्नाच्या जेवणासाठी मेंढी सोलून झाली होती, शेजारच्या दोघी बायका बटाटे सोलायला आल्या होत्या, विल्बर बाकं आणून लावत होता. सेनोबिया कामावरून लवकर आली. तिनं आतून तिकिटांचं पाकीट आणलं आणि टेबलाच्या टोकाशी उभी राहिली. आवाज चढवला नाही. कचेरीत गाडीची वेळ सांगते तसं तिनं सांगितलं.

“उद्या लग्न ठरल्याप्रमाणे अकरा वाजता. रविवारी संध्याकाळच्या गाडीनं आम्ही दोघं निघतो. लिमात उतरल्यावर विल्बर माद्रिनाकडे जाईल, त्यानं तिला शब्द दिलाय. ओसरीतलं सगळं सामानही त्याच्याबरोबर जाईल. मी हॉटेलात जाईन. गुरुवारच्या गाडीत माझी एकटीची जागा घेतलीय, सव्वीस नंबर. त्याची तारीख मोकळी आहे, ती मी तशीच ठेवलीय.”