पिंपरीची बस हीच का?

हे मी आजवर कुणापाशीच बोललेले नाही — नवऱ्यापाशीही नाही. कुठून सुरुवात करू?

पुण्याहून पिंपरीला जाणाऱ्या रस्त्यावर मधोमध फक्त बससाठी वेगळा मार्ग करायचा होता. आराखडा आमच्या कचेरीत होत होता. थांबेही रस्त्याच्या मध्यावरच. तिथवर माणसांनी पोचायचं कसं, एवढा भाग माझ्याकडे.

नागरिकांच्या बैठकीत दुकानदार चिडलेले होते. गाड्या लावायच्या कुठे, गिऱ्हाईक येणार कसं? त्या गोंधळात सुमनताई उठल्या. शनिवार पेठेत राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका, उतारवयात दृष्टी गेलेली. म्हणाल्या, "बस वेगात जाईल हे कळलं. मी बसपर्यंत कशी जाईन, तेवढं सांगा."

रस्ता ओलांडताना ऐकू येईल असा आवाजाचा सिग्नल आराखड्यात होता — आणि थोड्याच दिवसांपूर्वी मीच तो काढून टाकला होता. खर्च कमी दिसून मंजुरी लवकर मिळावी म्हणून. दुसरं काही कारण नाही.

"आवाजाचा सिग्नल आहे," मी म्हणाले.

त्यांनी विश्वास ठेवला. दुकानदारांकडे वळून म्हणाल्या, "पिंपरीला माझी बहीण असते. तिला भेटायचं तर मला भाच्याची सुट्टी बघावी लागते. करू द्या यांना काम." लोक निवळले. सुमनताईंचे माझ्यावरचे उपकार तेव्हापासूनचे.

मार्ग सुरू झाला त्या सकाळी मी थांब्यावर उभी होते. पलीकडे, रस्त्याच्या कडेला सुमनताई. हातात पांढरी काठी, मान जराशी कललेली — आवाजाची वाट पाहत. मी जाऊन हात धरायला हवा होता, नाही का? पण बोलावं लागलं असतं, आणि सुमनताई आवाजावरून माणूस ओळखायच्या. मी जागची हलले नाही. शेवटी कॉलेजला निघालेल्या एका मुलीनं त्यांना पलीकडून आणलं. तिचं नाव मला ठाऊक नाही. तिची आठवण मात्र रोज येते.

सुमनताई नेमक्या माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. विचारलं, "पिंपरीची बस हीच का?"

मी उत्तर दिलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. मी श्वास रोखून धरला. मागच्या कुणीतरी सांगितलं, तेव्हा त्या चढल्या.

पुढे मी मागे लागून सिग्नल बसवून घेतला. पश्चात्तापानं? नाही — त्या तक्रार करतील या भीतीनं. तक्रार आली नाही. आल्या त्या स्वतः, आमच्या कचेरीत, आल्याच्या वड्या घेऊन. "उशीर केलात, पण शब्द पाळलात हो," म्हणाल्या. मग पहिल्या दिवसाची गोष्ट सांगितली. "शेजारी कुणीतरी उभं होतं, दोनदा विचारलं तरी गप्प. मीच नंतर वरमले. बोलता येत नसेल बिचाऱ्यांना."

कुणी माझ्याशी इतकं चांगलं वागलेलं मला आठवत नाही. आणि मी काय केलं? वडी घेतली, "छान झाल्यात" म्हणाले, आणि त्यांना जिन्यापर्यंत सोडून आले.

सुमनताई आता मनात येईल तेव्हा एकट्या बहिणीकडे जातात. हे माझ्यामुळे झालं, असं त्या लोकांना सांगतात. मी ते खोडून काढलेलं नाही.