आमच्या दोरीला हात लावण्याआधी

"कार्ड दाखव."

पोलीस ठाण्याचा साहेब बुटांसकट वाळूत उभा. मी नुकताच पाण्यातून वर आलेला. अंगावर भिजलेली अर्धी चड्डी, बस.

मी म्हटलं, "घराक आसा, साहेब. पाण्यात खंय ठेवतलंय?"

"नीट मराठीत बोल. खाली बस. कान धर."

बसलो. शेजारी थोरल्या काकांनाही बसवलं. काका आमच्या रापणीचे म्होरके. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. अख्खी वाडी दोन्ही टोकांच्या दोऱ्यांना लागते तेव्हा ते बाहेर येतं. ज्याच्या हाकेवर वाडी ओढते, तो म्हातारा माणूस वाडीसमोर कान धरून बसला होता. बायका टोपल्या घेऊन बघत होत्या. मुंबईवरच्या हल्ल्यानंतर किनाऱ्यावर ओळखपत्राची सक्ती आली. सक्ती समजते. पण समुद्रात उतरणाऱ्याच्या चड्डीला खिसा नसतो, हे ह्यांना कोण सांगणार?

हवालदाराने मोबाईलवर आमचा फोटो काढला. मला वाटलं, ठाण्यात कुठेतरी ठेवतील.

पुढच्या आठवड्यात कट्टा गावी बाजाराला गेलो. तिथल्या इंटरनेटच्या दुकानात शाळेतला एक सोबती बसला होता. मला बघून हसला. "तू फेमस झालंस मरे."

पोलिसांनी लोकांशी मैत्री करायला इंटरनेटवर पान उघडलं होतं. वर लिहिलेलं, 'आपले पोलीस, आपले मित्र'. खाली मी आणि काका, कान धरून. 'संशयित ताब्यात. नागरिकांनी सतर्क राहावे.' त्याखाली लोकांचे शेरे. शाब्बास. ह्यांना असंच सरळ करायला हवं. एकाने लिहिलं होतं, म्हातारा तर पक्का चोर दिसतो.

आम्हाला त्याच दिवशी सोडलं होतं. ते मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं.

तसाच पोलीस ठाण्यात गेलो. फोटो काढून टाका म्हटलं. टेबलावरचा माणूस मान वर न करता म्हणाला, "तक्रार पेजवर टाक." बाकीचे हसले.

काकांना वाचता येत नाही. मलाच सगळं सांगावं लागलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

दिवाळी झाली आणि साहेब पुन्हा किनाऱ्यावर आला. सोबत फोटोवाला. पोलीस आणि मच्छीमार मिळून रापण ओढतात, असा फोटो साहेबाला त्याच पानावर टाकायचा होता. जाळं पाण्यात होतं. साहेबाने बाह्या वर केल्या आणि दोरी धरली.

आमच्याकडे रीत आहे. रापणीच्या दोरीला जो हात लावील, तो वाटसरू का असेना, त्याला मासळीचा वाटा मिळतो. कुणाला नाही म्हणत नाहीत. म्हणून कुणी त्याला अडवलं नाही.

मी पुढे झालो. "आदी माझो आणि काकांचो फोटो थंयसून पुसा. मगे दोरयेक हात लावा."

"अरे, ते जुनं झालं. आता चांगला फोटो टाकतो ना तुमचा."

मी दोरी सोडली आणि वाळूत बसलो. ह्या वेळी कान धरले नाहीत. ओढणं थांबलं की मासळी जाळ्यातून निसटते. वाडीचं त्या दिवसाचं जेवण त्या जाळ्यात होतं. मी काकांकडे बघितलं.

काकांनी दोरी सोडली. म्हणाले, "सोडा रे."

एकेकाने सोडली. आता दोरीवर साहेब एकटा. लाट मागे गेली, जाळं ओढ खाऊ लागलं, त्याचे बूट वाळूत घसरायला लागले.

"बघताय काय? ओढा!"

काका शांतपणे म्हणाले, "दोरयेक हात लावलास मां, वाटो तुमचोच. ओढा."

साहेबाने दोरी टाकली आणि गाडीत जाऊन बसला. फोटोवाला त्याच्या मागे पळाला.

त्या दिवशी बायका रिकाम्या टोपल्या घेऊन घरी गेल्या. आईने वाटभर शिव्या घातल्या. मला नाही, साहेबाला.

फोटो अजून तिथेच आहे. मी दर बाजाराला कट्ट्याला जातो आणि त्याखाली इंग्रजी अक्षरांत मालवणी लिहितो. माझं नाव, बापाचं नाव, गावाचं नाव. 'हो मी. बाजूक माझो काको. आमी चोर न्हय.' पुढच्या बाजारापर्यंत ते पुसलेलं असतं. फोटो ठेवतात, नाव पुसतात. मी परत लिहितो.

फोटो जाईपर्यंत लिहिणार. आणि तोवर आमच्या दोरीला खाकी हात लागू देणार नाही.